मामानं धरून ठेवलेला पाय

मी पहिल्यांदा ज्या माणसाचा हात ओढून सांधा बसवला, त्यानं मला आईवरून शिवी दिली. त्याचा खांदा निखळला होता. काखेतून चादर घालून वॉर्डबॉयनं ती मागून धरली होती, आणि सर माझ्या कानाशी उभे राहून सांगत होते, "झटका नाही. ओढत राहा. तो ओरडेल, तू ओढत राहा." तो ओरडला. मी टाच खाटेच्या पायाला लावली आणि ओढत राहिले. शिवी अर्ध्यावर आली असताना खांदा खट्‌दिशी आत गेला, आणि एवढा मोठा मिशाळ माणूस हुंदके देऊन रडायला लागला. वेदना गेली म्हणून रडत होता. मी बाहेर येऊन नळाखाली हात धरले.  खरं सांगायचं तर मला मजा आली होती. दुसऱ्याला इतकं दुखवायचं आणि त्यानं शेवटी हात जोडायचे, असं काम मी आधी कधी केलं नव्हतं.

हे करायला मिळालं ते आमच्या ऑर्थो क्लबमुळे. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या, पुढं हाडांचे सर्जन व्हायची इच्छा असलेल्या सात जणांचं ते मंडळ. त्यात मुलगी मी एकटी. सर आमचे मार्गदर्शक, आणि शेवटच्या वर्षाचा बैतूलचा एक मुलगा आमचा अध्यक्ष. दर गुरुवारी ओपीडी संपली की आम्ही प्लास्टर रूममध्ये जमायचो. एकमेकांच्या हातापायांना प्लास्टर घालायचो आणि करवतीनं कापून काढायचो. खाटकाकडून बकऱ्याच्या नळ्या आणून हातोड्यानं फोडायचो, मग पट्टी आणि स्क्रू लावून जोडायचो. ड्रिल हाडात शिरलं की केस जळल्यासारखा वास येतो. पहिल्या गुरुवारी दोघं उलटी करायला बाहेर गेले. मी गेले नाही. अध्यक्ष म्हणाला, "ये लड़की टिकेगी."

मी सौंसरची. वडील तिथं नगरपालिकेत कामाला, आणि आईचं माहेर पांढुर्णा. एका गुरुवारी हाताच्या एक्स-रेवर चर्चा चालली होती. मनगट आणि कोपराच्या मधलं एकच हाड मोडलेलं होतं, दुसरं शाबूत. सरांनी विचारलं, "असं कधी मोडतं?" कोणी म्हणालं पडल्यावर, कोणी म्हणालं गाडीवरून. मी म्हणाले, "डोकं वाचवायला हात वर केला आणि त्यावर गोटा बसला की." सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मग मला गोटमार सांगावी लागली.

आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट बाहेरच्यांना सांगताना फार विचित्र वाटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. झाड तोडून झेंडा आणायचा, आणि दुसऱ्या बाजूच्यांना तो आणू द्यायचा नाही. त्यासाठी दोन्ही गावं दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. नारळाएवढे, मुठीएवढे, कधी गोफणीतून. संध्याकाळी झाड चंडीमातेच्या देवळात जातं, आणि दुसऱ्या दिवशी हीच माणसं एकाच टपरीवर चहा पितात. या काठच्या मुली त्या काठी दिलेल्या असतात. दिवसा भाऊ गोटे मारतात आणि संध्याकाळी बहीण नवऱ्याच्या डोक्याला हळद लावत बसते.

"और पुलिस?" अध्यक्षानं विचारलं.

"असते. तिलाही लागतात."

सरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथं मलमपट्टीचे तंबू लागत असतील. आपण त्यांच्या हाताखाली जाऊ. मोडलेल्या हाडाला आधाराच्या खपच्या बांधू, हात-पाय स्थिर करू, पुढं पाठवू. टाके घालायचे नाहीत, सुई टोचायची नाही." अशा रीतीनं आमच्या क्लबचं पहिलं बाहेरचं काम ठरलं. पुढचे तीन गुरुवार आम्ही पुठ्ठे, बांबूच्या कामट्या आणि जुन्या चादरींच्या पट्ट्या घेऊन एकमेकांना बांधत होतो.

पोळ्याच्या दिवशी दुपारी मी मामाकडं उतरले. मामाचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पिठाच्या गिरणीचे स्टँड, असली कामं. माणूस इतका मवाळ की स्वतःच्या मुलीचे कान टोचायचे होते तेव्हा हा गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. लहानपणी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला की मी आईकडं न जाता त्याची वाट पाहायची, कारण तो फुंकर घालत घालत काढायचा. आणि हाच मामा दर वर्षी नदीत उतरायचा. त्याच्या भुवईत एक आणि हनुवटीखाली एक अशा जुन्या खुणा होत्या. आई या दिवशी कधीच माहेरी यायची नाही. तिनं मलाही सांगितलं होतं, "तू तंबूत राहाय. नदीकडं पाहू नको."

जेवताना मी मामाला म्हणाले, "या वर्षी नको उतरू ना. मी तंबूत राहीन, माझं ध्यान तुझ्याकडंच लागून राहीन."

"अवं, तू हायेस म्हणून तर काही भेव नाही," तो हसत म्हणाला. "घरचीच डाक्टरीन."

 मामीनं माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि उठून आत गेली.

सकाळी आमचा तंबू नदीच्या अलीकडच्या गल्लीत, एका शाळेच्या भिंतीला लागून उभा राहिला. सरकारी दवाखान्याचे एक डॉक्टर, दोन सिस्टर आणि आम्ही सात जण. सर एका ऑपरेशनसाठी अडकले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते. दहापर्यंत आम्ही रिकामे बसून चिवडा खाल्ला. मग आवाज सुरू झाला.

मी आधी घरातून तो आवाज ऐकला होता, पण इतक्या जवळून नाही. हजारो गळ्यांची आरोळी असते, ढोल असतात, आणि त्याच्या खाली एक सतत टकटक चालू असते. गोट्यावर गोटा, पत्र्यावर गोटा, भिंतीवर गोटा. अधूनमधून टकटकीत न बसणारा एक ओला, बद्द आवाज येतो. पहिल्या तासात मला तो वेगळा ओळखता यायला लागला. तो आला की दोनेक मिनिटांत चौघे जण एकाला उचलून गल्लीत पळत यायचे.

पहिला कपाळ फुटलेला आला. दुसऱ्याचे समोरचे दात तळहातावर होते आणि तो ते मला देत होता, मी परत बसवीन म्हणून. तिसऱ्याचा हात बरोबर त्या एक्स-रेसारखा मोडलेला. कामट्या लावून, गळ्यात झोळी बांधून मी त्याला म्हणाले, "खुर्चीत बसा. गाडी आली की नागपूर."

"नागपूर कायले? दुसरा हात हाये ना," तो म्हणाला, आणि मी कापूस घ्यायला वळले तेवढ्यात निघून गेला. तासाभरानं त्याला परत आणलं. झोळी कुठंतरी पडलेली, कामट्या मोडलेल्या, जबडा एका बाजूला सरकलेला. आता त्याला बोलता येत नव्हतं, पण तो नदीकडं बोट करून काहीतरी सांगत होता. अध्यक्षानं त्याला खांद्यांना धरून अक्षरशः बाकावर दाबला. "बैठ! बैठ जा! मरेगा क्या?" तो माणूस त्याला लाथ मारत होता. शेवटी आम्ही दोघांनी त्याच्या छातीवरून चादर ओढून त्याला बाकाला बांधलं.

कोणी दारू प्यालेला होता, कोणी उपाशी. जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारायचा, "झाड पडलं का?" स्वतःच्या डोक्याबद्दल कोणी विचारायचं नाही. बारापर्यंत माझी सहानुभूती संपली. मी पट्ट्या गरजेपेक्षा जोरात आवळायला लागले होते. एक जण कळवळला तेव्हा मी त्याला म्हणाले, "आता दुखते का? तिकडं नाही दुखलं?" सिस्टरनं माझ्याकडं पाहिलं, आणि पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः बांधली.

दोनच्या सुमारास स्ट्रेचरची हाक आली. बाकीचे गुंतलेले होते, म्हणून एका हवालदारासोबत मी स्ट्रेचरचं एक टोक धरून घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गेले. आईनं नको म्हटलं होतं ते मी केलं. नदीकडं पाहिलं.

पाणी गुडघाभर, गढूळ. झाडाची साल निघालेली, झेंडा अजून वर. आमच्या काठापासून जवळच सावरगावकडचा एक माणूस पाय घसरून पडला होता. खांद्याला कुऱ्हाड होती, ती पाण्यात गेली. तो दोन्ही हात टेकून उठायला पाहत होता. त्याच्यापासून चार-पाच पावलांवर मामा उभा होता.

मी मामाला त्याच्या शर्टावरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखलं नसतं. त्यानं खाली वाकून दोन्ही हातांनी एक मोठा धोंडा उचलला. लांबून आलेला गोटा कोणाचा ते कोणालाच कळत नाही, त्यावरच हा सगळा खेळ चालतो. हा लांबून नव्हता. मामा चार पावलं पुढं गेला, धोंडा डोक्याच्या वर नेला आणि उठू पाहणाऱ्या माणसाच्या पायावर घातला.

आवाज मला ऐकू आला नाही. तो माणूस परत पाण्यात बसला आणि आपल्या पायाकडं पाहायला लागला, कोणा दुसऱ्याचा पाय पाहावा तसा. मामा मागं फिरून गर्दीत गेला.

आमचा काठ जवळ होता, म्हणून पोलिसांनी त्याला आमच्याच तंबूत आणला. गुडघ्याखाली नडगीचं हाड मोडून कातडीतून बाहेर आलेलं होतं, आणि पाऊल भलत्याच बाजूला वळलेलं. पस्तिशीतला असेल. गॅसचे सिलिंडर घरोघरी पोचवायचं काम करतो, हे त्यानंच सांगितलं. "डाक्टरीन बाई, पाय हाये का गेला? तीन-तीन माळे सिलिंडर नेतो मी."

"पाय आहे," मी म्हणाले. पावलावर बोट ठेवून नाडी पाहिली. लागत होती. सरकारी डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं, आम्ही जखमेवर सलाइन ओतलं, ओला गॉज ठेवला. मग त्यांनी घोटा धरून पाय सावकाश सरळ ओढला. हाड आत जाताना त्या माणसानं बाकाची कड चावली. पाय सरळ झाला, पण लाकडी खपच्या सकाळपासून आलेल्यांबरोबर निघून गेल्या होत्या, आणि उरलेले पुठ्ठे भिजून मऊ पडले होते. ॲम्ब्युलन्स एका डोकं फुटलेल्याला घेऊन गेलेली. डॉक्टर म्हणाले, "खपची येईपर्यंत कोणीतरी असाच ओढून धरा. सोडलं की हाड पुन्हा बाहेर येईल." आणि ते दुसऱ्या बाकाकडं गेले.

मी धरून बसले. पाचेक मिनिटांनी तंबूच्या तोंडाशी मामा आला. कानाची पाळी फाटली होती, मानेवर रक्त ओघळत होतं, आणि तो हसत होता. "बाई, थोडंसं लागलं. पट्टी मार."

त्यानं बाकाकडं पाहिलं. त्याचं हसू थांबलं. बाकावरच्या माणसानं मात्र त्याला ओळखल्याचं दिसलं नाही.

"मामा, इकडं ये," मी म्हणाले. "हा पाय धर."

"मी?"

"तूच. एका हातानं टाच, एका हातानं पंजा. आपल्याकडं ओढ. सोडू नको."

"अवं, मले नाही जमत ते. मले रगत पाहवत नाही, तुले माहीत हाये."

"पाहिलं मी मघा. जमते तुले."

 तो खाली बसला आणि माझ्या हातांच्या जागी त्यानं आपले हात ठेवले. वेल्डिंगचे, चटक्यांचे डाग असलेले हात. मी त्याच्या कानाला पट्टी लावली आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. दर थोड्या वेळानं वळून पाहत होते. त्याची पकड जराशी ढिली झाली की आत हाडाची टोकं एकमेकांवर घासायची. ते हातांना कळतं. पेशंट ओरडायचा, आणि मामाचे डोळे गच्च मिटायचे. एकदा त्या माणसानं वेदनेत हात लांब करून मामाचा खांदाच घट्ट धरला. मामानं तो सोडवून घेतला नाही.

वीसेक मिनिटांनी अध्यक्ष दुसऱ्या तंबूतून लाकडी खपची घेऊन आला. आम्ही दोघांनी मांडीपासून टाचेपर्यंत ती नीट बांधली. आता हातानं धरायची काही गरज नव्हती. अध्यक्ष म्हणाला, "छोड़ दो, अंकल."

मी म्हणाले, "नाही. धरून ठेव, मामा. गाडी येईपर्यंत."

अध्यक्षानं माझ्याकडं पाहिलं. त्याला वाटलं असेल मला काहीतरी जास्त कळतं. मामा ओढत राहिला. त्याच्या तोंडाचं पाणी पळालं होतं, दंड थडथड उडत होते, आणि मी ते पाहत उभी होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. गाडी आली, माणसाला उचललं, आणि मामा तंबूच्या मागं जाऊन भडाभडा ओकला.

मी मागं गेले. "मी पाहिलं तुले. तो पडलेला होता."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "त्यानं सकाळपासून आमचे दोघं पाडले होते."

"तो पडलेला होता, मामा."

"नदीत कोणाले तोंड नसते, बाई," तो म्हणाला. "मलेबी नसते. नाव-गाव काठावर ठेवून उतरा लागते. तू आता हे काठावर नको आणू."

तो घरी गेला. नदीत परत उतरला नाही. झाड संध्याकाळी पडलं. कोणत्या बाजूनं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी क्लबमध्ये प्रत्येकानं एक केस सांगायची होती. मी ही सांगितली. कोणी मारलं ते गाळलं, पण खपची बांधून झाल्यावरही पाय ओढून धरायला लावला होता हे सांगितलं. का, ते सांगता आलं नाही. सर ऐकत होते. ते रागावतील असं वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "खपची बांधल्यावर पावलाची नाडी पाहिलीस?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मी मामाचा चेहरा पाहत होते.

"नाही पाहिली, सर."

"आवळल्यावर, ओढल्यावर पाऊल थंड पडतं. अर्ध्या तासात नाही तर दोन तासांत. त्याचं पडलं नाही, हे तुझं नशीब. त्याचं जास्त." मग ते पुढच्या मुलाकडं वळले.

तो माणूस आमच्याच हॉस्पिटलात होता. पायाला बाहेरून सळ्या लावलेल्या, जखमेवर रोज ड्रेसिंग. ड्रेसिंगला मी सिनियरच्या हाताखाली जायची. त्यानं मला ओळखलं होतं आणि त्याला माझं कौतुक वाटायचं. शेजारच्या खाटेवाल्याला तो सांगायचा, "ह्या बाईनं वाचवला माहा पाय." हे मला रोज ऐकावं लागायचं. दहाव्या-बाराव्या दिवशी त्यानं विचारलं, "तो कोण होता हो, ज्यानं पाय धरून ठेवला? लय हात कापून राहिले होते त्याचे. देवमाणूस. भेटला तं पाया पडीन."

मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं. पण तो शब्द मला सहन झाला नाही.

"माझा मामा," मी म्हणाले. "आणि धोंडा त्यानंच घातला होता."

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं उशाशी असलेला स्टीलचा पेला उचलला आणि फेकला. पेला माझ्या कानाजवळून जाऊन लोखंडी कपाटावर आदळला. सिस्टर धावत आली. त्यानं सिस्टरला सांगितलं, "हिले माह्या पायाले हात लावू देऊ नका." त्या दिवसापासून मी त्याच्या खाटेकडं गेले नाही. सरांना कळलंच. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं.

"तुला सांगायचं होतं म्हणून सांगितलंस," ते म्हणाले. "त्याला ऐकायचं होतं का?"

"तो त्याला देवमाणूस म्हणत होता, सर."

"म्हणू दे. पाय जुळेपर्यंत म्हणू द्यायचं होतंस."

सिलिंडरवाल्यानं ते आपल्या भावाला सांगितलं. नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास, त्याचा भाऊ आणि आणखी दोघं मामाच्या दुकानात आले. मामा तोंडावर वेल्डिंगची काळी काच धरून काम करत होता. त्याला दिसलंही नसणार. दुकानातलाच लोखंडी बार घेऊन त्यांनी त्याचा उजवा हात मोडला. डोक्यावर नाही, पाठीवर नाही, फक्त हातावर, आणि दोन वेळा. जाताना भाऊ म्हणाला, "तुह्या भाचीनं सांगितलं आमाले." मामी समोरच्या घरातून धावत आली तेव्हा मामा खाली बसलेला होता आणि हात मांडीवर ठेवून तो सरळ करायला पाहत होता.

मी एक्स-रे पाहिला. दोन्ही हाडं, दोन-दोन ठिकाणी. सरांनी ऑपरेशन केलं आणि मला आत येऊ दिलं नाही. मी बाहेर बाकावर मामीजवळ बसले. ड्रिलचा आवाज दारातून येत होता, आणि त्या आवाजाबरोबर काय काय होत असतं ते मला बारीकसारीक माहीत होतं. मामी माझ्याशी एकच वाक्य बोलली. "गोटमारीत वीस वर्सं उतरला, पण भांडण कधी घरी नाही आलं होतं."

पोलीस आले तेव्हा मामानं सांगितलं, लोखंडाचा गठ्ठा हातावर पडला. मी त्याच्या खाटेजवळ उभी होते. पोलीस गेल्यावर मी रडायला लागले. तो डाव्या हातानं चादर नीट करत राहिला.

"मी काय चुकीचं बोलले, मामा? खरं तेच सांगितलं ना?"

"हाव. खरंच सांगितलं," तो म्हणाला. "मी केलं तेबी खरं, अन् त्याहिनं केलं तेबी. सारं खरंच हाये. आता तू अभ्यास कर."

हाड जुळलं. हात मात्र पूर्ण फिरत नाही. तळहात खाली जातो, वर येत नाही. वेल्डिंग त्यानं डाव्या हातानं शिकून घेतलं. जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो की प्रसादासाठी तो डावा हात पुढं करतो. पुजारी उजवा मागतो, मामी मधेच हात घालून प्रसाद घेते. सिलिंडरवाला मामाचा हात बरा व्हायच्या आधीच चालायला लागला होता. किंचित लंगडतो म्हणे, आणि आता एजन्सीत पावत्यांच्या कामावर बसतो. मी त्याला परत भेटले नाही. दोनदा सावरगावकडं निघाले आणि पुलावरून परत आले.

क्लबमध्ये मी राहिले. सोडायचं मनात होतं, पण सरांनी येऊ नको म्हटलं नाही आणि मी गुरुवार चुकवला नाही. पुढच्या वर्षी अध्यक्ष पास होऊन गेला आणि तंबूची जबाबदारी माझ्याकडं आली. नवीन मुलांना मी दोन गोष्टी घोकून घेतल्या. बांधायच्या आधी नाडी, बांधल्यावर नाडी. आणि कोणत्या काठचा, कोणी मारलं, हे विचारायचं नाही, दिसलं तर बोलायचं नाही. दुसरी गोष्ट शिकवताना माझा आवाज नीट निघाला नाही. ती बरोबर आहे की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

मामा त्या वर्षी गोटमारीच्या दिवशी तिगावला मामीच्या माहेरी निघून गेला. नदीचा आवाज पोचणार नाही इतक्या लांब. त्याच्या भुवईवरची खूण, हनुवटीखालची खूण, आणि आता हातावर सापासारखा लांब वण घेऊन तो दिवसभर सासऱ्याच्या ओट्यावर बसून होता, असं मामीनं नंतर सांगितलं.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास तंबूत माझा फोन वाजला. माझ्या हातमोज्यांना रक्त लागलेलं होतं. सिस्टरनं फोन माझ्या कानाला लावला.

"झाड पडलं का?" मामानं विचारलं.

"नाही अजून."

"लय लागून राहिलं का लोकाईले?"

"हाव. लागून राहिलं. मामा, माझ्यासमोर एक जण आहे, मी ठेवते."

"ठेवू नको," तो म्हणाला. "बोलू नको तू. तुहं काम कर. फोन फक्त चालू राहू दे."

मी सिस्टरला खूण केली. तिनं फोन कापसाच्या डब्याशेजारी टेबलावर ठेवला. मी समोरच्या माणसाचं मनगट धरलं आणि नाडी शोधायला लागले.